धावणारी इंग्रजी, चालणारी मराठी

पाचवीत इंग्रजीची पहिली ओळख झाली तेव्हा आमच्या वहीत दोन खणांची यादी असे. डाव्या खणात इंग्रजी शब्द, उजव्या खणात त्याचा मराठी अर्थ. एका शब्दाला एक अर्थ, हिशेब चोख. 'कॅट' म्हणजे मांजर, 'रॅट' म्हणजे उंदीर आणि 'रन' म्हणजे धावणे. आठवीत हा हिशेब बिघडला. धड्यात एक वाक्य आले. कुणा मुलाचे वडील हॉटेल 'रन' करत होते. मी उभा राहिलो आणि ठणठणीत आवाजात भाषांतर केले, "त्याचे वडील हॉटेलकडे धावतात." वर्ग हसला, सरही हसले. मग म्हणाले, "धावतात नव्हे रे, चालवतात." मी वहीत 'धावणे'पुढे स्वल्पविराम देऊन 'चालवणे' लिहिले. पुढच्याच धड्यात कुणाचे तरी नाक 'रन' होत होते. आणखी एक स्वल्पविराम. वर्ष संपेपर्यंत तो खण भरून शब्द समासात शिरले होते. एकदा धीर करून विचारले, "सर, एकाच शब्दाचे एवढे अर्थ कसे?" सर म्हणाले, "इंग्रजीत तसंच असतं. पाठ कर."

पाठ केले. पण पाठ केलेले ऐन वेळी दगा देते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक परिपत्रक हातात दिले आणि याच्या पन्नास प्रती 'रन ऑफ' कर, असे इंग्रजीत फर्मावले. 'रन' म्हणजे धावणे, 'ऑफ' म्हणजे दूर. तेव्हा साहेबांना घाई आहे एवढे माझ्या डोक्यात शिरले. मी खरोखरच धावत दोन मजले उतरलो आणि रेकॉर्ड विभागात जाऊन धापा टाकत पन्नास प्रती मागितल्या. तिथल्या वयस्कर कारकुनांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अरे, प्रती अजून निघायच्या आहेत. त्या कोपऱ्यातल्या सायक्लोस्टाइलवर काढायच्या. पळायचं तू नाहीस बाबा, मशीननं पळायचंय!"

गंमत म्हणजे त्या परिपत्रकातले सगळे अवघड शब्द मला येत होते. लांबलचक, जिभेला वळसे घालायला लावणारे इंग्रजी शब्द आम्ही मराठी माध्यमातली मुले हिरीरीने पाठ करत असू. माझी फजिती केली ती पाचवीतल्या पहिल्या पानावरच्या, जेमतेम तीन अक्षरांच्या क्रियापदाने. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या पुष्कळांचा अनुभव असाच असेल. मोठे शब्द एकदा कळले की कळतात. छोटे शब्द मात्र कळले कळले म्हणता हातातून निसटतात.

या निसटण्याने इंग्रजांचे दिग्गज कोशकारही हैराण झाले आहेत, हे पुढे वाचनात आले तेव्हा जरा बरे वाटले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी काही शब्दांविषयी चक्क तक्रार केली आहे. हे शब्द इतके सैल आणि इतके सर्वत्र वापरले जाणारे आहेत की त्यांना व्याख्येत बांधणे कठीण, असा त्या तक्रारीचा रोख. कोणते हे शब्द? 'गेट', 'गिव्ह', 'डू', 'पुट', 'सेट', 'गो', 'रन', 'मेक', 'टेक'! म्हणजे आमच्या पाचवीच्या वहीतली पहिली दोन पाने. एकट्या 'टेक'चे जॉन्सन यांनी १३४ अर्थ नोंदवले आहेत.

पुढे ऑक्सफर्डचा महाकोश आला. १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तेव्हा त्यात सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. चारशेहून अधिक अर्थ आणि सुमारे ६० हजार शब्दांचा मजकूर. एका शब्दाचे अर्थ सांगायला एक लहानशी कादंबरीच! पुढच्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर हा मान आधी 'मेक'कडे, मग 'पुट'कडे आणि २०११ साली आपल्या 'रन'कडे आला. पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन'च्या नोंदीवर नऊ महिने काम केले. आणि क्रियापद म्हणून त्याचे अर्थ किती निघाले? ६४५. वहीचा खण पुरला नाही यात माझा काय दोष?

तेव्हा हे ६४५ अर्थ पाठ करायचे का? छे. लंडनमधले पाच वर्षांचे पोरही ते पाठ करत नाही, आणि तरी त्यातले नेहमीचे पन्नासएक ते बिनचूक वापरते. कारण त्याच्या डोक्यात अर्थांची यादी नसते, एक चित्र असते. ते चित्र हाती लागले की बरेचसे अर्थ आपापल्या जागी बसतात.

'रन' म्हणजे पाय उचलून धावणे, हे खरेच. पण हा शब्द मुळापासून वाहण्याशीही जोडलेला आहे. जर्मन भाषेत त्याचा एक सख्खा भाऊबंद आहे, 'रिनेन'. त्याचा अर्थच ओघळणे, वाहणे. म्हणजे इंग्रजांचे नाक 'रन' होते, नळ 'रन' होतो, मेणबत्तीचे मेण 'रन' होते आणि धुताना साडीचा रंग 'रन' होतो, यात चमत्कारिक काही नाही. आपल्याकडे नाक वाहते, मेण ओघळते आणि रंग जातो. पाण्याचा ओहोळ जसा एका रेषेत निघतो, तशीच मग लांबवर गेलेली प्रत्येक वस्तू इंग्रजीत धावू लागते. नदीकाठचा रस्ता धावतो, शेताचे कुंपण धावते, भिंतीवरची चीर धावते. एखाद्या घराण्यात गाता गळा पिढ्यान्‌पिढ्या असेल, तर तोही त्या घरातून 'रन' होतो. आपण म्हणतो, गाणे त्यांच्या रक्तात आहे. म्हणजे वाहणे इथेही आलेच!

दुसरे चित्र न थांबण्याचे. जे सुरू आहे आणि खंड न पडता सुरू राहते, ते 'रन' होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये वाफेची यंत्रे आली, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या आणि या क्रियापदाचे नशीब उघडले. यंत्र 'रन' होऊ लागले. ज्याच्या हाती यंत्र तो ते 'रन' करू लागला. यंत्रामागून गिरणी, गिरणीमागून दुकान, शाळा, संस्था, सरकार. माझ्या धड्यातले हॉटेल असेच त्या रांगेत येऊन उभे राहिले होते. कार्यालयातले सायक्लोस्टाइल इतिहासजमा झाले, तर संगणकावरचा प्रोग्रॅम 'रन' होऊ लागला. 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले, याचे एक कारण जाणकार या यंत्रयुगातच पाहतात.

तिसरी गोष्ट शेपटांची. 'रन'ला एकेक छोटे शेपूट लावायचे, की तो वेगळ्याच वाटेने पळतो. 'आऊट' लावा, डब्यातली साखर संपली. 'इनटू' लावा, बाजारात जुना मित्र अवचित भेटला. 'ओव्हर' लावा, कुणी गाडीखाली आले. 'डाऊन' लावा, शेजाऱ्याची निंदा झाली. 'अप' लावा, वाण्याची उधारी चढली. 'थ्रू' लावा, कागदांवरून भरभर नजर फिरवली. आणि 'ऑफ' लावा... पण ती कथा सांगून झाली आहे.

बँकेवर 'रन' येतो, तेव्हा धावण्याचा मूळ अर्थ अगदी शब्दशः खरा होतो. २००७ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पैसे बुडतील या भीतीने जो तो आपली ठेव काढायला धावला. आपल्याकडेही बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली की पहाटेपासून अशी रांग लागते. तिथे मात्र मराठीत एका शब्दात भागत नाही. ठेवी काढायला झुंबड उडाली, असे सांगावे लागते.

आता जरा आपल्या घरात डोकावू. वरची सगळी उदाहरणे मराठीत सांगताना आपल्या तोंडी पुन्हा पुन्हा कोणते क्रियापद येते पाहा. गिरणी चालते, दुकान चालते, शाळा चालते, संस्था चालते, सरकार चालते, घर चालते. 'शोले' १९७५ मध्ये लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. इंग्रजी वर्तमानपत्रांत तो तितकाच काळ धावला. इंग्रजीत जे जे धावते, ते बहुतेक सगळे मराठीत चालते! घाई त्यांना आणि सावकाशी आम्हाला, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली आहे, हे तर उघड आहे. माणसाच्या पायांची हालचाल घेतली आणि तिच्यावर अख्खा संसार उभा केला.

आणि 'चालणे'चा पसारा काही कमी नाही. डोके चालते, हात चालतो, जीभ तर चालतेच. खोटे नाणे चालत नाही. 'चहा चालेल?' या प्रश्नात चहाने चालावे अशी कुणाची अपेक्षा नसते. 'दिवा चालू आहे' आणि 'तो माणूस मोठा चालू आहे' या दोन वाक्यांतला 'चालू' एकच, पण दुसरे ऐकले की आपण खिसा सांभाळतो. सैन्य चाल करून जाते, गाण्याला चाल लावतात, बुद्धिबळात चाल खेळतात, आणि काम टाळायचे असले की चालढकल करतात.

पायांचाच विषय निघाला आहे तर निवडणूक कशी सोडायची? अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमधला 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आपला उमेदवारही उभा राहतो, पण तेवढ्यावर भागत नाही. कुणी समजूत घातली की तो बसतो, कुणी पाडले की पडतो, आणि हे सगळे टळले तर निवडून येतो. एवढी शारीरिक कसरत दुसऱ्या कुठल्या भाषेत उमेदवाराकडून करून घेत असतील असे वाटत नाही!

मराठीत धावणे अजिबात नाही असे मात्र नव्हे. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर धावली. त्याही आधीपासून 'धाव' हा शब्द आपल्या शेतात होताच. मोट ओढताना विहिरीच्या काठाकडून बैल ज्या उतारावरून खाली जात, ती धाव. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, तीही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. क्रिकेट आले आणि 'रन'ला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा ही धाव घरात तयारच होती. मग धावबाद झाला, धावफलक झाला. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांचे मराठी समालोचन रेडिओवर ऐकत एक पिढी मोठी झाली. त्या 'रनिंग कॉमेंट्री'ला आपण धावते समालोचन म्हटले. सचिन तेंडुलकरने कसोटीत १५ हजार ९२१ धावा केल्या. भक्त मात्र देवाचा धावा करतो, एकच, पण जिवाच्या आकांताने. शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असल्या की टीव्हीसमोर बसलेले आपण दोन्ही धावा एकदमच मागत असतो.

काही ठिकाणी आपण भाषांतराच्या फंदात पडलो नाही. सुतार लाकडी पट्टीचा भाव 'रनिंग फुटा'वर सांगतो. रेल्वेचे चालक आणि गार्ड घरापासून दूरच्या स्टेशनात विश्रांती घेतात, ती 'रनिंग रूम'. नाव धावण्याचे, काम झोपण्याचे! जखमी फलंदाजासाठी धावणारा 'रनर' मात्र आता पाहायला मिळत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून त्याला २०११ साली निरोप मिळाला. ज्या वर्षी कोशात 'रन' सर्वांत पुढे गेला, त्याच वर्षी मैदानावरचा 'रनर' बसला.

हे सगळे मला फार उशिरा कळले. सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या पुढ्यात साठ मुले होती आणि हाती खडू. पण एवढे मात्र वाटते, की त्या दिवशी 'पाठ कर' म्हणण्याऐवजी त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, "मराठीत हॉटेल चालतं, ते काय पायांनी?" तर आमचा पुष्कळसा न्यूनगंड तिथेच गळून पडला असता. इंग्रजी विचित्र आहे आणि आपण मठ्ठ आहोत, हा समज घेऊन आम्ही शाळेबाहेर पडलो. खरे म्हणजे जे इंग्रजी करते तेच आपली मराठी रोज करत होती. आपण त्यात इतके मुरलेलो, की ते दिसत नव्हते.

ते दिसले एका प्रवासात. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे महाबळेश्वरला निघालो होतो. घाट सुरू झाला तशी माझ्या बहिणीने पिशवीतून लिंबू काढले आणि म्हणाली, "आईला गाडी लागते, हे असू दे हाताशी." मागे बसलेली तिची दहा वर्षांची मुलगी एकदम घाबरून म्हणाली, "मामा, आजीला गाडी कुठे लागली? रक्त आलं का?"

गाडीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. पोरीचा चेहरा पडला, आणि मला आठवीतला माझा वर्ग आठवला. तसाच हशा, तसाच उभा राहिलेला मुलगा. भाची इंग्रजी माध्यमात शिकते. 'रन'चे पन्नास अर्थ ती न चुकता वापरते. मराठी तिला येते. २०२० च्या कायद्यानंतर राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि 'पर्यावरणाचे संतुलन' यावर ती दहा ओळी लिहिते. अडली ती 'लागणे'पाशी. "मराठीत तसंच असतं, पाठ कर," हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते.

ते गिळले आणि विचार करू लागलो. हिला सांगायचे काय? आजीला गाडी लागते आणि फलाटालाही गाडी लागते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. झाडाला आंबे लागतात, पोराला नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो. दारही लागते आणि डोळाही लागतो. कामाला वेळ लागतो, विहिरीला पाणी लागते, थिएटरात सिनेमा लागतो. आणि सगळ्याची वाट लागते ती वेगळीच! मी म्हटले, "हे बघ, एक गोष्ट दुसरीला जाऊन चिकटली, की मराठीत ती लागली. ठेच पायाला चिकटते, भूक पोटाला, आंबा फांदीला. गाडीचे हेलकावे आजीच्या पोटाला जाऊन चिकटतात." तिला ते पटले असावे. पुढच्या वळणावर तिने विचारले, "आणि नारळ वाढवतात, तेव्हा तो मोठा कसा होत नाही?" आता आली का पंचाईत! फोडला म्हणायचे नाही म्हणून वाढवला. बांगडीही फुटत नाही, वाढते. ताटात भात वाढतात आणि घरात मूल वाढते, ते निराळे.

परत येताना मनात एकच प्रश्न घोळत होता. हे सगळे मला कुणी शिकवले? कुठल्याही सरांनी नाही. 'लागणे'चा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अरे बघ, दूध लागेल!" आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे होत आणि आजी दटावे, "हळू बोला, त्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय." छोट्या शब्दांची शाळा ती. मोठे शब्द पुस्तकातून येतात, सरकारी पत्रकातून येतात, कोशात सुखरूप राहतात. छोट्या शब्दांचे अर्थ मात्र कामाच्या गडबडीत, कुणाच्या तरी तोंडून कानावर पडावे लागतात. लंडनच्या पोराला 'रन' असाच मिळतो. आपल्या पोरांना 'लागणे' मिळायचे तर ते फक्त आपल्याच तोंडून.

मुले इंग्रजी माध्यमात गेली म्हणून मराठी मरेल की काय, यावर परिसंवाद होत राहतात. मला त्यातले फारसे कळत नाही. पण घरात आपण त्यांच्याशी सोप्या इंग्रजीत बोलू लागलो, तर पहिल्यांदा जातील ते हे छोटे शब्द. 'संतुलन' राहील, 'लागणे' जाईल. आणि गेले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पाहा, इथेही 'लागणे' आलेच.

परवा बहिणीकडे जेवायला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत आमच्या गप्पा रंगल्या होत्या. एवढ्यात भाची स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "आजी, लवकर ये, भात लागतोय!" आजी लगबगीने उठली. भात खाली थोडा लागलाच होता. पण त्या दिवशी तो फारच चांगला लागला.